लग्नाहून आले आणि काटा १.८ किलो वर: या वजनाचा हिशोब

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या आहेत. वीस दिवसांपूर्वी त्यांनी भात, पोळी, साखर, बटाटा, साबुदाणा बंद केला. रात्री ज्वारीची एक लहान भाकरी तेवढी ठेवली आणि सकाळी सूर्यनमस्कार सुरू केले. पहिल्या दिवशी वजन ७४.६ होतं, सहाव्या दिवशी ७१.५. मग पुढचे अकरा दिवस काटा ७१.२ ते ७१.९ च्या मध्येच घुटमळत राहिला. रविवारी भाचीचं लग्न झालं. शनिवारी ७१.३ असलेलं वजन सोमवारी ७२.६ आणि मंगळवारी ७३.१ झालं. काट्यावरचे चरबीचे टक्केही वाढलेले दिसले. बरोबरीनं सुरू केलेल्या नवऱ्याचे मात्र तेवढ्याच दिवसांत साडेपाच किलो उतरलेत. त्या विचारतात, एका दिवसाच्या खाण्यानं वीस दिवस पाण्यात गेले का, आणि हे डाएट आपल्याला मानवत नाही म्हणून सोडून द्यावं का? शेवटी जाता जाता लिहिलंय की बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे आणि सकाळी पलंगावरून उठताना कधी कधी गरगरतं.

ताई, ती शेवटची ओळ पहिली हवी होती, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. कर्बोदकं, म्हणजे पिष्टमय आणि गोड पदार्थ, एकदम कमी केली की रक्तातलं इन्शुलिन खाली येतं. इन्शुलिन फक्त साखर बघतं असं आपल्याला वाटतं, पण मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावणं हेही त्याचंच काम. ते कमी झालं की मीठ लघवीवाटे जातं, मिठामागून पाणी जातं आणि रक्तदाब उतरतो. इकडे तुमची गोळीही तोच दाब खाली आणतेय. उठताना गरगरण्याचं कारण हे असू शकतं. उद्या सकाळी एकदा बसून आणि मग उभं राहून दोनेक मिनिटांनी पुन्हा बीपी मोजा, दोन्ही आकडे लिहा आणि डॉक्टरांना फोन करा. डाएट बदललंय हे त्यांना स्पष्ट सांगा. कदाचित डोस बदलावा लागेल, कदाचित नाही. ते त्यांनी ठरवायचं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. लो-कार्ब, म्हणजे असं कमी कर्बोदकांचं खाणं, करणारे एकमेकांना मीठपाणी प्यायला सांगतात, तेही विचारल्याशिवाय नको. लो-सोडियम मीठ तर अजिबात नको, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्यांच्या शरीरात पोटॅशियम आधीच साठून राहू शकतं.

आता वजनाकडे. ते वाढलं का, हे तुम्ही विचारलंत. पहिल्या सहा दिवसांत ते का उतरलं, हे मात्र विचारलं नाहीत. ३.१ किलो गेले तेव्हा कुणालाच प्रश्न पडत नाही! पण लग्नानंतरच्या वाढीचं उत्तर त्या घटीतच आहे.

आपलं शरीर पिष्टमय पदार्थांतली साखर थोडी साठवून ठेवतं. तिला ग्लायकोजेन म्हणतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये माणसाच्या अंगलटीप्रमाणे ३०० ते ५०० ग्रॅम. पण ती कोरडी साठत नाही. एकादशीच्या आदल्या रात्री साबुदाणा भिजत घालतो आणि सकाळी तो पाणी पिऊन टम्म फुगलेला असतो, तसं काहीसं. ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-पोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत हा साठा बराच रिकामा होतो आणि त्याच्याबरोबरचं पाणीही निघून जातं. ४०० ग्रॅम ग्लायकोजेन गेलं तर १,२०० ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे काट्यावर १.६ किलो कमी. वर इन्शुलिन उतरल्यामुळे गेलेलं मीठ आणि त्यामागून गेलेलं पाणी. शिवाय पोटात एरवी असणारा भाकरी-भाताचा ऐवज कमी. लो-कार्बच्या पहिल्या आठवड्यात रात्री दोनदा उठावं लागतं अशी तक्रार बहुतेक जण करतात. वजन कुठून जातंय हे तिथेच कळतं.

यात चरबी किती? एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तुम्ही रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्यात असं धरू, तर सहा दिवसांत ३,००० झाल्या. म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास चरबी. ३.१ किलोतले फार तर ४०० ग्रॅम. बाकी सगळं पाणी आणि पोटातला ऐवज.

हे मी नुसतं गणितानं म्हणत नाही. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या सरकारी संशोधन रुग्णालयात केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना चार आठवडे आत ठेवून घेतलं. दोन आठवडे अगदी कमी कर्बोदकांचं जेवण आणि दोन आठवडे कमी स्निग्धांशाचं. २०२१ साली ते प्रसिद्ध झालं. लो-कार्बच्या दोन आठवड्यांत वजन उतरलं, पण उतरलेल्यातला बहुतेक भाग चरबीचा नव्हता. यावरून लो-कार्ब वाईट असं ठरत नाही, दोन आठवडे हा फार थोडा काळ आहे. मात्र पहिल्या पंधरवड्यात काट्यावरून चरबीचा अंदाज बांधता येत नाही, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

आता लग्नाचं बिल मांडू. तुम्ही लिहिलंय की सकाळी उपमा, दुपारी पंगतीत मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मठ्ठा, पापड-कुरडया, दोन जिलब्या आणि रात्री पुन्हा तोच मसालेभात. यात सहज ३०० ग्रॅमच्या वर कर्बोदकं झाली असतील. सतरा दिवस उपाशी असलेल्या स्नायूंनी त्यातलं २५० ग्रॅम साठवून घेतलं असं धरा. त्याबरोबर ७५० ग्रॅम पाणी. झाला एक किलो. मग मीठ. शरीरात साधारण ९ ग्रॅम मीठ एक लिटर पाणी धरून ठेवतं; सलाईनच्या बाटलीत हेच प्रमाण असतं. कुरडई, पापड, लोणचं, मठ्ठा आणि केटररच्या हातची भाजी यांतून रोजच्यापेक्षा साडेचार ग्रॅम मीठ जास्त गेलं असेल, तर अर्धा लिटर पाणी. झाला दीड किलो. दोन दिवसांचं पोटात रेंगाळलेलं जेवण दीडशे ग्रॅम. आणि हो, खरीखुरी चरबीही थोडी असेलच. गरजेपेक्षा हजारेक कॅलरी जास्त झाल्या असतील, म्हणजे सव्वाशे-दीडशे ग्रॅम. एकूण १.८. हे आकडे अदमासाचे आहेत, माझ्याकडे तुमच्या पंगतीचा वजनकाटा नव्हता. पण कुठल्या खात्यावर किती रक्कम पडते त्याचा अंदाज येईल.

उलट बाजूनंही तपासून बघा. १.८ किलो चरबी वाढायची तर रोजच्या गरजेच्या वर सुमारे १३,८६० कॅलरी खायला हव्यात. मध्यम आकाराच्या जिलबीला १५० कॅलरी धरल्या, तर नव्वदहून जास्त जिलब्या. तुम्ही दोन खाल्ल्यात.

सोमवारपेक्षा मंगळवारी वजन जास्त का, हेही यातच आलं. मिठाचं पाणी लगेच दिसत नाही आणि लगेच जातही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काटा सर्वांत वर असतो, मग तीन-चार दिवसांत उतरायला लागतो. माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी येणाऱ्यांच्या वजनाच्या वह्यांमध्ये लग्न, बारसं, गौरी-गणपती, हुरडा पार्टी यांच्या तारखा न विचारता ओळखता येतात. दोन दिवस चढ, चार दिवस उतार.

म्हणजे तुमचे वीस दिवस पाण्यात गेले नाहीत. पाणी तेवढं वीस दिवस आत-बाहेर करत राहिलं. आता जरा मजेशीर गोष्ट सांगते. पहिल्या दिवशी, ७४.६ ला, तुमचे साठे रोजच्या भात-पोळीनं भरलेले होते. मंगळवारी, ७३.१ ला, लग्नाच्या जेवणानं ते पुन्हा भरलेले होते. म्हणजे वीस दिवसांत मंगळवार हा एकच दिवस असा, की ज्याची तुलना पहिल्या दिवसाशी बऱ्यापैकी न्याय्य आहे. दोन्ही वेळा टाकी भरलेली. फरक किती? १.५ किलो. वीस दिवस रोज ५०० कॅलरीच्या तुटीनं सव्वा-दीड किलोच चरबी जायला हवी होती. ज्या आकड्यानं तुम्ही घाबरलात, तोच तुमच्या वहीतला त्यातल्या त्यात खरा आकडा आहे. ७१.५ ला तुम्ही कधी नव्हताच. म्हणजे होतात, पण कोरड्या टाकीनं.

हे ऐकून लोकांचा जरा विरस होतो, याची मला कल्पना आहे. काट्यानं दिलेली बातमी चांगली असली की ती खरी आणि वाईट असली की खोटी, असा व्यवहार नसतो. लग्नाचे १.८ किलो पाणी म्हणून सोडून द्यायचे, तर पहिल्या आठवड्याचे ३.१ किलोही मिरवायचे नाहीत.

हे मी चुकून शिकले. प्रॅक्टिस सुरू केली त्या पहिल्या वर्षी एक बाई सहा दिवसांत चार किलो उतरवून आल्या. मी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. त्यांनी पेढे आणले होते, मला. स्वतः खाल्ले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात ३०० ग्रॅम गेले, तिसऱ्यात अर्धा किलो वाढले, आणि त्या यायच्या बंद झाल्या. पुढे एकदा भाजी मंडईत भेटल्या. म्हणाल्या, "तुमचं डाएट पहिल्या आठवड्यापुरतंच चालतं हो." चूक त्यांची नव्हती. चार किलोंतलं बहुतेक पाणी आहे हे मी त्या दिवशी सांगितलं असतं, तर पुढचे दोन आठवडे त्यांना अपयश वाटले नसते. तेव्हापासून मी पहिल्या भेटीतच एका चिठ्ठीवर लिहून देते: पहिल्या आठवड्यात दोन ते चार किलो जातील, त्यातले अर्धा किलो तुमचे, नंतर काटा थांबेल, त्याला घाबरायचं नाही, बाहेर जेवलात की दीड-दोन किलो वर जाईल, आठवड्यात उतरेल. चिठ्ठी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायची. बऱ्याच जणांनी फ्रिजवर लावली.

आता मधल्या अकरा दिवसांबद्दल, कारण तिथे माझं उत्तर इतकं ठाम नाही. काटा थांबला म्हणजे चरबी जाणं थांबलं असं नाही, पण थांबलेलं असूही शकतं. तुमच्या बाबतीत काय ते परिस्थितीवर अवलंबून आहे.

तुम्ही रोजचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत. सहाव्या ते दहाव्या दिवसाचे पाच आकडे आहेत ७१.५, ७१.९, ७१.८, ७१.९, ७१.७. सरासरी ७१.७६. तेराव्या ते सतराव्या दिवसाचे ७१.६, ७१.५, ७१.४, ७१.२, ७१.३. सरासरी ७१.४०. म्हणजे ज्याला तुम्ही थांबलं म्हणताय, ते वजन एका आठवड्यात सुमारे ३५० ग्रॅमनं उतरलंय. सुट्या आकड्यांत ते दिसत नाही, कारण रोजचा चढ-उतारच १०० ते ४०० ग्रॅमचा आहे. शिवाय तुम्ही सूर्यनमस्कार सुरू केलेत. सवय नसलेल्या व्यायामानं अंग दुखतं तेव्हा स्नायूंच्या डागडुजीसाठी तिथे पाणी धरून ठेवलं जातं, तेही काट्यावर येतं. भाकरी-पोळी गेली म्हणजे चोथाही गेला. त्याजागी पालेभाज्या, कोशिंबीर वाढवली नसेल तर पोट साफ होत नाही आणि तेही वजनात धरलं जातं. आणि पाळी. वयाच्या ४६ व्या वर्षी ती मागे-पुढे होत असेल. पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी साचणं अगदी नेहमीचं आहे. माझ्याकडच्या बायकांना मी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करूच देत नाही, मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करायला सांगते.

पण दुसरी शक्यताही सांगायला हवी. लो-कार्ब म्हणजे मोजायचं नाही, असा एक समज फार पसरलाय. पोळी गेली आणि तिच्या जागी चार वाजताची शेंगदाण्यांची वाटी, काजू, पनीर, भाजीवर सढळ तूप आलं. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. तुपाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशे. तुमच्या यादीत "भूक लागली की सुकामेवा" एवढंच लिहिलंय, किती ते नाही. दोन दिवस तो वाटीत काढून, मोजून खा. चार पूर्ण आठवड्यांत सरासरी जागची हलली नाही आणि पोटाचा घेरही हलला नाही, तरच मी जेवण बदलायला सांगते. त्याआधी नाही.

जाता जाता शब्दांबद्दल. लो-कार्बची एकच ठरलेली व्याख्या नाही. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं असतील तर साधारणपणे लो-कार्ब म्हणतात, २० ते ५० ग्रॅम म्हणजे कीटो. तुमची भाकरी, वरण, उसळ, दही, भाज्या धरून तुम्ही ८० ते १०० च्या घरात असाल. शाकाहारी घरात डाळी-उसळींशिवाय प्रथिनं कुठून आणायची, म्हणून मीही बहुतेकांना तिथेच ठेवते. याचा काट्याशी संबंध असा, की तुमचा साठा अर्धवट रिकामा असतो. एखाद्या दिवशी भाकरी दोन झाल्या, उसळीची वाटी मोठी झाली, की तो थोडा भरतो आणि काटा ३०० ग्रॅम वर जातो. कीटोवाल्यांचा साठा खालीच राहतो, म्हणून त्यांचा रोजचा आकडा जरा स्थिर दिसतो, पण ते एकदा लग्नाला गेले की उडी मोठी मारतात.

चरबीचे टक्के वाढल्याचं मनावर घेऊ नका. घरचा काटा तळपायांतून अगदी सौम्य वीज सोडतो आणि तिला किती अडथळा होतो त्यावरून चरबीचा अंदाज करतो. वीज पाण्यातून सहज जाते, चरबीतून कष्टानं. अंगातलं पाणी कमी-जास्त झालं की काट्याचा चरबीचा अंदाज चुकतो. पाय कोरडे आहेत, ओले आहेत, आत्ताच अंघोळ केलीय, यानंही आकडा हलतो. लो-कार्बच्या पहिल्या महिन्यात तो आकडा मी वहीत लिहूच देत नाही.

मग वजन कसं करायचं? माझ्या खोलीत मी नव्या माणसाला एक प्रयोग करून दाखवते. आधी वजन करायचं, मग तिथेच दोन फुलपात्री, अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि लगेच पुन्हा काट्यावर. अर्धा किलो वाढतं, अर्थातच. एक निवृत्त मास्तर काट्यावर उभे राहून खाली बघत होते. म्हणाले, "म्हणजे मी आत्ता तुमच्यासमोर जाड झालो?" सगळ्यांना माहीत असतं हो, पण आपल्याच पायांखाली तो आकडा बदलताना पाहिला की मग रोज सकाळी तेवढा त्रास होत नाही.

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी आणि रोज साधारण तशाच हलक्या कपड्यांत. काटा एकाच फरशीवर ठेवा. शहाबादी फरशी असेल तर ती सपाट नसते. जिथे काटा डगमगत नाही अशी जागा शोधा आणि चार कोपऱ्यांना नेलपॉलिशचे ठिपके द्या. सतरंजीवर, पायपुसण्यावर ठेवू नका. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असेल तर तोच पुन्हा दाखवतात. शंका आली तर दोन किलोची तांदळाची पिशवी हातात घेऊन एकदा उभं राहा, मग पिशवी ठेवून पुन्हा. माहेरच्या काट्यावरचं वजन घरच्या वहीत लिहायचं नाही. एका बाईंचं वजन माहेरी गेल्यावर सव्वा किलोनं वाढायचं. आईच्या हातचं जेवण कारण असेल असं आम्ही दोघीही समजत होतो. निघालं असं की काट्याचे सेल संपत आले होते.

रोज वजन करावं की आठवड्यातून एकदा? हे मी स्वभावावर सोडते. आठवड्यातून एकदा करण्यात एक धोका आहे: तो एकच दिवस नेमका लग्नानंतरचा मंगळवार निघाला, तर आख्खा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो. म्हणून ज्यांना झेपतं त्यांनी रोज करावं, पण रोजच्या आकड्यावर काहीही ठरवायचं नाही. सात दिवसांची सरासरी काढून फक्त तीच मागच्या सरासरीशी ताडायची. ज्यांचा दिवस त्या आकड्यावर ठरतो, आकडा वाढला म्हणून जे नाश्ता टाळतात किंवा पाणी पिणं कमी करतात, त्यांचा काटा मी चक्क महिनाभर माळ्यावर ठेवायला सांगते. खाण्यावरून पूर्वी मनाचा आजार झालेला असेल, तर काटा नकोच. तुम्ही दिवसातून तीनदा वजन करताय असं लिहिलंय. दुपारचं आणि रात्रीचं आधी बंद करा. संध्याकाळी किलोभर जास्त असणारच, दिवसभर जेवलोय, पाणी प्यायलोय.

काट्यापेक्षा माझा विश्वास टेपवर जास्त आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता, पंधरा दिवसांतून एकदा. आपल्याकडे बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की जोखीम धरतात. लग्नाच्या जेवणानं घेरही एखाद-दोन दिवस फुगतो, म्हणून हा शनिवार जाऊ द्या, पुढच्या शनिवारी मोजा. टेप नसेल तर परकराची नाडी आहेच. नेहमीच्या गाठीच्या जागी पेनानं खूण करा. ती खूण जेवढी आत सरकेल तेवढं तुमचं.

किती अपेक्षा धरायची, याचाही एक आकडा सांगून ठेवते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना कमी कर्बोदकं, अर्ध्यांना कमी स्निग्धांश. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत सरासरी पाच-सहा किलो उतरले होते, फारसा फरक नव्हता. आणि हे वर्षभराचं आहे! आपल्याकडे डाएट डॉ. दीक्षितांचं बरं की ऋजुता दिवेकरांचं, यावर पंगतीत तासभर वाद घालणारी मंडळी असतात. त्यातला तासभर रोज चालली तरी बरं. लो-कार्ब तुम्हाला पेलतंय, भूक आवरतेय, झोप ठीक आहे, तर करा. भाकरीवाचून जीव कासावीस होत असेल तर दुपारीही एक घ्या, अजूनही १३० च्या आत राहाल. पण सोडायचं असेल तर या कारणांनी सोडा, मंगळवारच्या आकड्यापायी नको.

कुठल्या वाढीला पाणी म्हणून सोडून द्यायचं नाही, तेही लिहिते. एका दिवसात किलोपेक्षा जास्त किंवा आठवड्यात दोन किलोपेक्षा जास्त वाढ, आणि सोबत पायावर सूज, बोटानं दाबलं की खड्डा राहणं, चालताना किंवा आडवं झाल्यावर धाप लागणं, असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी तर सूज-धाप यांचीही वाट बघायची नाही. ॲम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळीनं, स्टेरॉइडनंही सूज येते. मधुमेह असणाऱ्या वाचकांसाठी मुद्दाम: इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असाल तर कीटोमुळे रक्तात आम्ल साचण्याचा धोका वाढतो, तोही कधी कधी साखर फारशी वाढलेली नसताना. या लोकांनी औषधांची फेरमांडणी झाल्याशिवाय सुरुवातच करायची नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही नाही.

आता तुमच्या हातातली कामं. बीपीचा फोन उद्याच. लग्नाची भरपाई म्हणून उपास करू नका, लंघन करू नका, पाणी तोडू नका; बुधवारपासून नेहमीचं जेवण, त्यात दोन वाट्या पालेभाजी किंवा कोशिंबीर जास्त आणि लोणचं-पापड चार दिवस बंद. शनिवार-रविवारपर्यंत काटा ७१.५ च्या जवळपास परत येईल असा माझा अंदाज आहे. पाळी आली तर दोन-तीन दिवस उशिरा.

राहिले तुमचे साहेब. त्यांचं सुरुवातीचं वजन ९२, म्हणजे स्नायू जास्त, म्हणजे साबुदाण्याचं पातेलंच मोठं. त्यांचं पाणीही त्याच मापात गेलं. शिवाय मोठ्या शरीराला रोज लागणाऱ्या कॅलरी जास्त, त्यामुळे तेच ताट त्यांच्यासाठी जास्त तुटीचं ठरतं. तुमच्या पत्रात ते लग्नात काय जेवले आणि सोमवारी काट्यावर उभे राहिले का, याबद्दल एक अक्षर नाही. विचारून बघा.